प्रमाणित कसोटी आणि गावची शाळा

शिवोलीकडून येणारा रस्ता शापोरा नदीवरील पूल ओलांडून पेडणे तालुक्यात शिरतो, तो चोपडे या गावी. पूल झाला नव्हता तेव्हा फेरीबोटीने नदी पार करावी लागे आणि पैलतीरी पाऊल ठेवले की चोपडे लागे. तेथून जवळच एकीकडे आगरवाडा, पार्से ही गावे, तर दुसरीकडे मोरजीचा समुद्रकिनारा. भाताची खाजने, मानशी, माडांच्या रांगा आणि नदीतील मासळी यांच्या सोबतीने वाढणारे येथील मूल शाळेत येते ते घरची बोली तोंडी घेऊन. पाटीवर मात्र ते अक्षरे गिरवते मराठीची. याच मुलापुढे तिसरीत किंवा पाचवीत एके दिवशी दूरच्या राजधानीत तयार झालेली छापील प्रश्नपत्रिका येते. तिच्यासोबत वर्तुळांनी भरलेला एक कागद असतो. अमुक मिनिटांत अमुक वर्तुळे काळी करावयाची, असे त्याला सांगितले जाते. वर्गशिक्षक त्या वेळी दाराबाहेर उभा असतो. त्याने मुलाला काय दिले आणि काय द्यावयाचे राहून गेले, याचा हिशेब आत चाललेला असतो.

प्रमाणित कसोटी म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. कारण या शब्दाचा धाक पुष्कळ आहे आणि अर्थ त्यामानाने साधा आहे. वर्गात शिक्षक जी चाचणी घेतो तिच्यात प्रश्न त्याचे, वेळ त्याच्या सोयीचा आणि गुणदानही त्याच्या मनाप्रमाणे असते. प्रमाणित कसोटीत प्रश्न, सूचना, वेळ आणि गुणदानाची रीत सर्वांना सारखीच असते. शिवाय प्रश्न आधी पुष्कळ मुलांवर वापरून पाहिलेले असतात. कोणता प्रश्न किती कठीण, कोणता प्रश्न जाणत्या मुलालाही फसवतो, हे तपासून निवड केलेली असते. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची श्रेणी रचली, तेव्हापासून या शास्त्राने बाळसे धरले. आपल्या भागाशीही त्याचा संबंध जुना आहे. बिने यांच्या कसोटीला मराठी व कानडी मुलांना साजेल असे रूप देण्याचे कष्टाचे काम विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी केले आणि ती आवृत्ती मुंबई-कर्नाटक आवृत्ती म्हणून ओळखली गेली. परक्या भाषेतील कसोटी शब्दशः उतरवून चालत नाही, ती येथील मुलांवर नव्याने पारखावी लागते, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

हल्ली प्राथमिक शिक्षकाचा ज्या कसोट्यांशी संबंध येतो त्या दोन निराळ्या जातींच्या आहेत. दोहोंना एकच उपाय करणे म्हणजे ताप आणि मुरगळलेला पाय यांवर एकच काढा देण्यासारखे आहे. पहिली जात सर्वेक्षणाची. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या मुलांसाठी झाले. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले. यांत काही शाळा आणि काही मुले नमुना म्हणून निवडली जातात. निकाल लागतो तो राज्याचा आणि जिल्ह्याचा, एकेका मुलाचा नव्हे. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी चार शिते चेपावीत, तसाच हा प्रकार. मार्च २०२२ मध्ये झालेली पायाभूत अध्ययनाची पाहणी तर तिसरीच्या मुलांना एकेकटे समोर बसवून तोंडी घेतली गेली, आणि ती मराठीसह वीस भाषांत झाली.

दुसरी जात निवडीची. जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा ही तिची ठळक प्रतिनिधी. उत्तर गोव्याचे नवोदय विद्यालय सत्तरीत वाळपईच्या परिसरात आहे, तर दक्षिणेचे काणकोणात. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मूल ही परीक्षा देते. एका विद्यालयात जागा फार तर ८०, आणि त्यांतील किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या. जागा मिळाली तर बारावीपर्यंत शिक्षण आणि राहण्याजेवणाची सोय होते. मासेमारी करणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या घराला याचे मोल काय, ते निराळे सांगावयास नको. सीमेपलीकडे सावंतवाडी-दोडामार्गकडील मुलांना महाराष्ट्राची शिष्यवृत्ती परीक्षा परिचयाची आहे. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा आरंभी चौथी व सातवीला असे, ती २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली. तिच्या एका प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न, १५० गुण आणि वेळ दीड तास.

सर्वेक्षणासाठी निराळी तयारी करून घेऊच नये, असे म्हटले तर काहींना ते बेजबाबदारीचे वाटेल. परंतु तापमापक गरम पाण्यात बुडवून ताप वाढवून दाखविता येतो, तसा सर्वेक्षणाचा आकडाही फुगविता येतो, आणि मग त्या आकड्यावर विसंबून जी मदत शाळेला मिळावयाची ती मिळत नाही. निवडपरीक्षेची गोष्ट वेगळी. तेथे मूल स्पर्धेत उतरते. शहरातले मूल शिकवणीत सरावपत्रिकांची चळत सोडवून येते. गावच्या मुलाने कागदच पहिल्यांदा पाहावा, हा न्याय नव्हे. म्हणून तेथे परीक्षेच्या स्वरूपाची ओळख करून देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरते.

मात्र ओळख आणि घोकंपट्टी यांतील सीमारेषा फार सूक्ष्म आहे, आणि ती ओलांडली गेल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी असा नियम केला की, शाळेचे अनुदान बऱ्याच अंशी मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या तपासणीतील निकालावर ठरावे. परिणाम काय झाला? शिक्षकांनी तेवढेच तीन विषय आणि त्यांतीलही तपासनीस विचारतील तेवढेच धडे घटवून घेतले. मॅथ्यू आर्नल्ड हा इंग्रजी कवी स्वतः शाळातपासनीस होता. त्याने या पद्धतीवर कडाडून टीका केली, तरी ती जावयास शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. अगदी अलीकडे, अमेरिकेतील अटलांटा शहरात परीक्षेच्या निकालावर शिक्षकांची प्रतिष्ठा व नोकरी अवलंबून ठेवली गेली, तेव्हा काही शाळांत मुले घरी गेल्यावर शिक्षकच उत्तरे खोडून दुरुस्त करू लागले. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांत असे प्रकार आढळले आणि २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. ही माणसे जन्मतः लबाड होती असे मानण्याचे कारण नाही. फसवणूक झाली ती मात्र मुलांची. ज्यांना मदतीची गरज होती त्यांचीच नावे उत्तीर्णांच्या यादीत जाऊन बसली.

तेव्हा शिक्षकाने करावयाचे ते काय? पहिली गोष्ट म्हणजे चुकीच्या उत्तराकडे बरोबर उत्तराइतक्याच आदराने पाहावे. बहुपर्यायी प्रश्नाची खरी गंमत त्याच्या चुकीच्या पर्यायांत असते. त्यांना चकवे म्हणावे. चांगला प्रश्नकर्ता चकवे मनाला येतील तसे टाकत नाही, मुले जेथे घसरतात तेथेच ते मांडून ठेवतो. एक उदाहरण घ्यावे. ४०२ मधून १७८ वजा करा, आणि पर्याय दिले आहेत २२४, ३७६, २३४ व ३३४. बरोबर उत्तर २२४. आता ३७६ निवडणारे मूल काय करते? ते प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. त्याला हातच्याची कल्पनाच नाही. २३४ निवडणारे मूल त्याच्या बरेच पुढे आहे. त्याने शतक सोडवून दहा दशक केले, परंतु त्यांतील एक दशक एककाला दिला हे विसरून दहातून सात वजा केले. आणि ३३४ म्हणणारे मूल हातचा घेते, पण ज्याच्याकडून घेतला त्याच्या खात्यातून तो कमी करीतच नाही. उधारी करावी आणि वहीत मांडू नये, तसे.

तिघांनाही शून्य गुण मिळाले. तिघांचे दुखणे मात्र तीन तऱ्हांचे. पहिल्याच्या हाती काड्यांचे गठ्ठे देऊन दहाची जुडी सोडावयास लावली पाहिजे. तिसऱ्यालाही जुडी सोडल्यावर उरलेल्या जुड्या पुन्हा मोजावयास सांगितले पाहिजे. दुसऱ्याला मात्र मध्ये शून्य असलेली पाच-सहा उदाहरणे पुरतात. ‘वजाबाकी कच्ची’ असा एकच शेरा तिघांच्या वहीवर मारून तिघांनाही तीच पन्नास उदाहरणे घालणारा शिक्षक कष्ट पुष्कळ करतो. मात्र पहिले मूल तीच चूक पन्नास वेळा करून ती पक्की करते, एवढेच. म्हणून सरावपत्रिका तपासताना नुसते बरोबर-चूक न करता मुलाला ‘हे उत्तर तू कसे काढलेस?’ असे शांतपणे विचारावे. हा प्रश्न बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारावा, कारण काही वेळा तेही अंदाजाने आलेले असते.

अंदाजाविषयी येथेच सांगितलेले बरे. नवोदयच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. चार पर्यायांच्या वीस प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून दिली तरी सरासरीने पाच बरोबर येतात. म्हणून परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे मुलांना सांगणे रास्त आहे. परंतु वर्गातील सरावात उलट नियम ठेवावा. येत नसेल तर खुणेसाठी प्रश्नचिन्ह करावे. एरवी वीसांपैकी सहा गुण पाहून शिक्षक समजतो की मुलाला थोडेबहुत येते, आणि वस्तुतः त्याला काहीच येत नसते.

आता भाषेकडे वळू या, कारण चोपड्यासारख्या गावात कसोटीचा पहिला अडसर गणित नव्हे, भाषा आहे. पेडणे तालुका १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. तत्पूर्वी तो सावंतवाडीकरांकडे होता, आणि येथली मराठी शिक्षणाची ओढ जुनी आहे. तथापि घरात, अंगणात आणि बाजारात मूल ऐकते ती कोकणी. पाण्याला उदक, विहिरीला बांय, नदीला न्हंय म्हणणारे मूल छापील उताऱ्यातील ‘विहीर’ या शब्दाशी क्षणभर अडखळते. ते अडखळणे अज्ञानाचे नसते, दोन भाषांमधील उंबरठा ओलांडण्याचे असते. शिक्षकाने तो उंबरठा दाखवून द्यावा. फळ्यावर दोन रकाने आखून घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी लिहिले, तर महिन्याभरात मुलांचीच एक छोटी शब्दावली तयार होते. घरच्या शब्दावर फुली मारू नये. तो चूक नाही, तो फक्त या कागदावर चालत नाही.

काही शब्द मात्र अधिक फसवे असतात. तेच अक्षर, निराळा अर्थ. ‘परवा सोमवार होता, तर उद्या कोणता वार?’ हा प्रश्न घ्यावा. मराठीत परवा हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. कोकणीत मात्र गेलेल्या दिवसाला ‘पयर’ आणि येणाऱ्या दिवसाला ‘परवां’ असे दोन शब्द आहेत. साहजिकच मुलाचे मन ‘परवा’ ऐकताच पुढच्या दिवसाकडे धावते आणि ते रविवार असे उत्तर देते. योग्य उत्तर गुरुवार. ‘होता’ या एका क्रियापदात सारी किल्ली आहे, आणि ती दाखविल्यावाचून दिसत नाही. तसाच ‘पाव’. पाव म्हणजे पोदेर सायकलवरून भोंगा वाजवीत आणतो ती वस्तू, हे गोव्यातील मुलाला सर्वांत आधी कळते. ‘पाव किलो साखर’ म्हणताच वर्गात हशा पिकतो. हा हशा दाबून टाकू नये. त्या पावाचेच चार सारखे तुकडे करून एक तुकडा हाती दिला की पाव, अर्धा, पाऊण ही अपूर्णांकांची त्रयी एका घासात समजते. सव्वा, दीड, अडीच हे शब्दही बाजारातील व्यवहारातूनच आणावेत.

मराठी संख्यावाचनाची अडचण तर सबंध महाराष्ट्रालाही चुकलेली नाही. ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतात आणि मग वीस, म्हणून मूल लिहिते ५२. ‘एकोणसाठ’ ऐकून ६१ किंवा ६९ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा सुटसुटीत वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा केवढा गदारोळ उठला, हे पुष्कळांना आठवत असेल. गणिताच्या विदुषी मंगला नारळीकर यांना त्या वेळी त्यामागील भूमिका पुनःपुन्हा समजावून सांगावी लागली होती. त्या वादात कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. आधी दशक ओळखून मग एकक म्हणणारे मूल स्थानिक किंमत लवकर शिकते. रूढ नाव आणि हे उलगडलेले नाव, दोन्ही तोंडी घोळवून घेतल्यास नुकसान कोणाचेच नाही.

परीक्षेची म्हणून एक वेगळी मराठी असते, आणि ती ना घरात बोलली जाते ना पाठ्यपुस्तकातील गोष्टींत भेटते. खालीलपैकी, अनुक्रमे, वगळता, किमान, गटात न बसणारे, क्रमाने येणारे पुढील पद, अशा शब्दांची ही भाषा. ‘खालीलपैकी कोणता प्राणी अंडी घालत नाही?’ असा प्रश्न वाचताना मूल ‘अंडी घालतो’ एवढे पकडते आणि पहिल्या पर्यायातील कासवावर खूण करून मोकळे होते. मोरजीच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालावयास येतात हे त्याला ठाऊक आहे, आणि त्या ठाऊक असण्यानेच ते येथे फसले. नकारार्थी शब्दाखाली बोट ठेवून वाचण्याची सवय ही क्षुल्लक वाटते, पण तिचे गुण रोकडे आहेत. यासाठी स्वतंत्र तास नको. रोजच्या सूचनाच त्या भाषेत द्याव्यात. ‘निळी वही वगळता सर्व वह्या आणा.’ ‘सीता, राहुल आणि मारिया यांनी अनुक्रमे खडू, डस्टर आणि पट्टी आणावी.’ आठ दिवसांत अनुक्रमे या शब्दाची भीती जाते.

वाचनाच्या वेगाचा विचार मात्र गंभीरपणे करावयास हवा. ‘निपुण भारत’ या जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात तिसरीच्या अखेरीस मुलाने वयाला साजेसा अपरिचित उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने समजून वाचावा, असे लक्ष्य ठेवले आहे. नवोदयच्या परीक्षेत ८० प्रश्नांना दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरीने दीड मिनिट. भाषाविभागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. सव्वाशे शब्दांचा उतारा साठच्या गतीने वाचावयालाच दोन मिनिटांहून अधिक लागतात. मग प्रश्न वाचावयाचे, पुन्हा उताऱ्यात शोधावयाचे. जे मूल अजून अक्षर अक्षर जुळवीत आहे त्याला उत्तर येत असूनही वेळ पुरत नाही. अशा मुलाला सरावपत्रिकांची आणखी एक चळत देणे म्हणजे पी हळद आणि हो गोरी! त्याला रोज पंधरा मिनिटे वाचन हवे, तेही मनातल्या मनात. आपल्या शाळांत मोठ्याने एकसुरात वाचण्याची प्रथा आहे. त्यात मागची मुले पुढच्याचे शब्द ऐकून ओठ हलवतात आणि शिक्षकाला वाटते, सारा वर्ग वाचतो आहे. मूकवाचनानंतर पुस्तक मिटावे आणि ‘काय वाचलेस ते सांग’ एवढेच म्हणावे.

पाठांतराबद्दल हल्ली फार तुच्छतेने बोलले जाते. ते सर्वस्वी योग्य नव्हे. दिवेलागणीला परवचा म्हणावयास बसण्याची चाल मराठी घरांत होती, आणि तिच्यात एक शहाणपण दडलेले होते. पाहिलेले पुन्हा पाहण्यापेक्षा, न पाहता आठवण्याचा यत्न केल्याने ते अधिक टिकते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे प्रयोगाने दाखविले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून पाहणारे पुढे गेले. म्हणून छोटी, बिनगुणांची, बिनभीतीची चाचणी हे शिकविण्याचेच साधन ठरते. सकाळी हजेरी झाल्यावर काल आणि गेल्या आठवड्यात शिकविलेल्यापैकी चार प्रश्न विचारावेत, पाटीवर उत्तरे लिहून घ्यावीत आणि लगेच तपासावीत. दहा मिनिटे पुरतात.

नवोदयच्या परीक्षेतील निम्मे प्रश्न, म्हणजे ८० पैकी ४०, मानसिक क्षमतेचे असतात. ते आकृत्यांचे असल्याने भाषेचा अडथळा तेथे थोडा, आणि म्हणूनच गावच्या मुलाला तेथे खरी संधी आहे. आरशातील प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, अपुरी आकृती पुरी करणे, मोठ्या आकृतीत लपलेली लहान आकृती शोधणे, असे हे प्रकार. यांसाठी महागडी पुस्तके आणण्याची गरज नाही. घरातला एक आरसा आणि जुनी वर्तमानपत्रे पुरेत. कागदाची घडी घालावी, कोपरा कापावा, आणि उलगडण्यापूर्वी भोके कोठे दिसतील ते मुलांनी वहीत काढून दाखवावे. मग उलगडून पडताळावे. दिवाळीचा आकाशकंदील आणि नाताळचा तारा स्वतःच्या हाताने करणारी मुले या खेळात पटकन तरबेज होतात. ठिपक्यांच्या रांगोळीतून चौकोन व त्रिकोण मोजावयास लावणे हाही उत्तम सराव आहे. हाताने केलेले डोळ्यांना दिसू लागते. नुसते पुस्तकातील उत्तर पाठ केलेले दुसऱ्या आकृतीपाशी निरुपयोगी होते.

आता त्या वर्तुळांच्या कागदाविषयी. ज्ञान असूनही गुण गमावले जातात ते बहुधा येथे. मूल सातवा प्रश्न सोडून आठव्याकडे जाते, परंतु आठव्याचे उत्तर सातव्या ओळीत काळे करते, आणि तेथून पुढची सारी उत्तरे एकेक घर सरकतात. दर पाच प्रश्नांनी प्रश्नाचा आणि ओळीचा क्रमांक जुळतो की नाही ते बोट ठेवून पाहण्याची सवय लावली, तर हा अपघात टळतो. दुसरी अडचण लेखणीची. प्राथमिक वर्गांत मूल पेन्सिलीने लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. या कागदावर निळे वा काळे बॉलपेन चालते आणि केलेली खूण बदलता येत नाही. खोडरबराच्या आधाराने वाढलेल्या हाताला हा अंतिमपणा जड जातो. साध्या कोऱ्या कागदावर वाटीने किंवा बाटलीच्या झाकणाने वर्तुळे काढून, वर्षातून आठ-दहा वेळा पेनाने ती भरावयास लावली की हात सरावतो. अधिक वेळा करण्याचे कारण नाही. वर्तुळे काळी करणे ही विद्या नव्हे.

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते, आणि येथे एक अडचण उभी राहते. नवोदयची परीक्षा मूल देते ते पाचवीत, म्हणजे दुसऱ्या शाळेत, जेथे त्याला ओळखणारे अजून कोणी नसते. नवे शिक्षक त्याची ओळख करून घेईपर्यंत परीक्षा दारात आलेली असते. म्हणून खरी तयारी तिसरी-चौथीतच व्हावयास हवी, आणि तीही एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग एकत्र असताना. पटसंख्या घसरल्यामुळे गोव्यातील अनेक सरकारी प्राथमिक शाळा बंद पडल्या. ज्या उरल्या त्यांतील शिक्षकाला शिकविण्याखेरीज कागदपत्रांचेही ओझे वाहावे लागते. त्याच्याकडून आणखी एका कामाची अपेक्षा करताना हे भान ठेवले पाहिजे. लहान पटाचा एक फायदा मात्र त्याच्या हाती आहे. वर्गात बारा मुले असतील तर बाराही मुलांची चूक त्याला नावानिशी ठाऊक होऊ शकते. चाळीस मुलांच्या शहरी वर्गाला ते भाग्य नाही.

यासाठी एक साधा तक्ता पुरतो. आखीव कागदावर डावीकडे मुलांची नावे, वर प्रश्नांचे क्रमांक. बरोबर उत्तराला बरोबरची खूण, आणि चुकले असेल तर मुलाने निवडलेल्या पर्यायाचे अक्षर. मग कागद दोन दिशांनी वाचावा. एखादा उभा रकाना चुकांनी भरला असेल, तर दोष मुलांचा नव्हे. तो भाग शिकविण्यात राहिला आहे किंवा प्रश्नाची भाषा समजलेली नाही. एखादी आडवी ओळ चुकांनी भरली असेल, तर त्या मुलापाशी जाऊन बसले पाहिजे. आणि सर्वांनी एकच चुकीचे अक्षर निवडले असेल, तर बहुधा फळ्यावरच काही चुकीचे गेले आहे! हा तक्ता मुलांना किंवा पालकांना दाखविण्यासाठी नाही. भिंतीवर लावून क्रमांक जाहीर करण्याने वरच्या दोघांखेरीज कोणाचाच उत्साह वाढत नाही.

परक्या माणसाची भीती हीदेखील प्राथमिक वयात लहान बाब नसते. सर्वेक्षणाच्या दिवशी बाहेरचे निरीक्षक वर्गात येतात, नेहमीचे गुरुजी किंवा बाई दिसत नाहीत, आणि एरवी चुरूचुरू बोलणारे मूल गप्प होते. चोपडे आणि आगरवाडा यांसारख्या शेजारच्या गावांतील शिक्षकांनी महिन्यातून एक तास एकमेकांच्या वर्गांत जाऊन चाचणी घेतली, तर मुलांना निराळा आवाज, निराळी सूचना यांची सवय होईल. शिक्षकांनाही दुसऱ्याचा वर्ग पाहावयास मिळेल. निवडपरीक्षेचे केंद्र बहुधा दुसऱ्या गावी असते. शक्य असल्यास आदल्या आठवड्यात पालकांनी मुलाला ती शाळा बाहेरून तरी दाखवून आणावी, म्हणजे फाटक कोठे, पाणी कोठे, स्वच्छतागृह कोठे, हे प्रश्न त्या सकाळी उरत नाहीत.

आदल्या दिवशी नवे काही शिकवू नये. दोन चालती पेने, प्रवेशपत्र आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून ठेवावी. मुलाला वेळेवर झोपू द्यावे आणि सकाळी नेहमीचेच खाऊ घालावे. ‘नाव काढ हं’ असे म्हणून पाठवू नये. आणि परीक्षेहून परतल्यावर किती बरोबर आले हे विचारण्याआधी, कोणता प्रश्न आवडला हे विचारावे. मूल जो प्रश्न सांगेल तो शिक्षकाने टिपून ठेवावा आणि चौथीचा तक्ता पाचवीच्या शिक्षकाकडे सोपविताना तोही त्यात लिहावा.